महाशीरवाले सर

अमरावतीत प्राणिशास्त्राचे प्राध्यापक पुष्कळ. पण खांद्यावर जाळं, गळ्यात जीपीएस आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली दिसली, की समजावं, महाशीरवाले सर धारणीला निघाले.

तापीच्या वरच्या खोऱ्यात महाशीर मासा नेमका कुठं कुठं राहतो, एवढाच त्यांचा विषय. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार ही नद्यांची नावं ते नातवंडांना हाक मारावी तशी घेतात. एसटीत शेजारी बसलेल्याला गोऱ्या साहेबांपासून सुरुवात होते. इथल्या नद्यांत ट्राउट नाही म्हणून साहेब महाशीरामागं लागला, मग थॉमस साहेबानं १८७३ साली पुस्तक लिहून महाशीराला झुंजीत सॅल्मनच्याही वर बसवलं! परतवाड्यापर्यंत शेजाऱ्याला झोप लागते; निदान तो तसं दाखवतो.

महाशीराला वाहतं, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. पावसाळ्यात तो अंडी घालायला वर चढतो, तेव्हा पुरात सरांना उतरता येत नाही. उन्हाळ्यात सर उतरतात, तर नदीचे नुसते डोह उरलेले. तरी ते तापमान घेतात, सामू घेतात, विरघळलेला प्राणवायू घेतात.

"पानी मोजू मोजू थकले तुमी," भोईकाका म्हणतात. "मासा कवा मोजता?"

"काका, महाशीर दिसतो का?"

"माह्या बापाच्या जायात ये ना! आता तं तिलापीच तिलापी."

सर वहीत लिहितात : 'स्थानिक मुलाखतीनुसार आढळ.' काकांच्या बापाच्या जाळ्यातला मासा असा सरांच्या नकाशावर ठिपका होऊन बसतो. असे ठिपके वाढले, की प्रबंध होतो. पुढच्या प्रबंधात तेच ठिपके संदर्भासह येतात.

अकोल्याचे त्यांचे मित्र मोर्णेत उतरतात. २०१८ साली अख्खं शहर जलपर्णी काढायला उतरलं होतं, तीच मोर्णा. त्यांच्या जाळ्यात अजून जलपर्णी येते. तीही ते वजन करून नोंदवतात, हे मात्र सरांना अशास्त्रीय वाटतं.

तापी-नर्मदेतल्या महाशीराच्या जातीपुढं जागतिक लाल यादीत 'माहिती अपुरी' असा शेरा आहे. दुसरा कुणी खचला असता. सरांनी त्या पानाची रंगीत प्रत अनुदानाच्या अर्जाला जोडली, रबरी बुटांचा खर्च दाखवला आणि काकांना 'क्षेत्र सहायक' करून टाकलं.

काकांना एकच शंका.

"मासा सापडला तं काय करान, सर?"

"मोजायचा, फोटो काढायचा आणि परत सोडायचा."

"मंग तं सापडलाच नाई म्हना!"