सव्वाचारचे पावणेचार

मोठ्या टायरांचे एक बरे असते, ते दिसतात. शेजाऱ्याला दिसतात, सिग्नलवरच्या रिक्षावाल्याला दिसतात, फोटोत तर जरा जास्तच दिसतात. क्राऊन-पिनियन या चाके फिरवणाऱ्या दोन गिअरांच्या नशिबी हे सुख नाही. अ‍ॅक्सलच्या पोटात, काळ्या उग्र तेलात बुडून त्यांचा जन्म जातो. म्हणून हौशी माणूस टायरांवर हसत हसत पैसे उधळतो, आणि क्राऊन-पिनियनचे नाव काढले की त्याला एकदम मुलांच्या शाळेची फी आठवते.

आमचा मेव्हणा याच पंथातला. नाशिकला त्याची एक जुनी फोर बाय फोर जीप आहे. मूळ टायर 29 इंचांचे होते, ते काढून त्याने 33 इंचांचे, चिखल तुडवणारे टायर घातले. जीप उंच झाली. सासूबाईंना चढायला स्टूल लागू लागले. सगळी सोसायटी खाली येऊन ‘काय रुबाब आहे!’ म्हणून गेली. आरटीओचा विषय कुणी काढला नाही, मीही इथे काढत नाही.

रुबाब उतरला तो मुंबईहून परतताना, कसाऱ्याच्या घाटात. जीपने तिथे जे केले त्याला चढणे म्हणता येणार नाही. तिसरा गिअर टाकला की ती कण्हायची, दुसरा टाकला की किंचाळायची. वाशीला कांदा उतरवून निघालेला एक रिकामा टेम्पो हॉर्न देत आमच्या पुढे निघून गेला.

“दाजी, जळका वास येतोय का हो?”

“येतोय.”

“बाहेरून असेल.”

बाहेर स्वच्छ पाऊस पडत होता. वास क्लचचा होता.

त्यात भर मीटरची. टायर मोठे झाले की चाक एका फेऱ्यात जास्त अंतर तोडते, पण मीटरला ते कोण सांगणार? तो बिचारा फेरे मोजतो. शंभर किलोमीटर जावेत आणि त्याने 88 दाखवावेत. काटा 80 वर असताना जीप 91 ने पळत असते. त्यामुळे मेव्हणा एकीकडे ‘अ‍ॅव्हरेज फारच पडलं’ म्हणून हळहळत होता आणि दुसरीकडे ‘मी ऐंशीच्या वर जातच नाही’ म्हणून फुशारकी मारत होता. दोन्ही गोष्टी मनापासून.

महाराष्ट्रात सल्ला मागावा लागत नाही. कुणी म्हणाले पंपाचे सेटिंग वाढवा. ते वाढवून जीपमागे येणाऱ्यांची तोंडे काळी झाली, चढण आहे तशीच राहिली. कुणी टर्बो सुचवला. दुखणे इंजिनात नाही, अ‍ॅक्सलमध्ये आहे, हे पहिल्यांदा म्हणाला तो मिस्त्री. पण मिस्त्री स्वस्तातला, म्हणून त्याचे ऐकायला आमच्याकडे उशीर झाला.

आधी मूळ रेशो कळायला हवा, म्हणजे अ‍ॅक्सल एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो ते. मिस्त्रीने गिअर न्यूट्रल केला, मागचे एकच चाक जॅकवर उचलले, दुसरे जमिनीवर टेकलेले ठेवून त्याला ओट लावली. टायरवर एक खडूची रेघ, प्रोपेलर शाफ्टवर दुसरी. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवायचे (एकच चाक फिरते तेव्हा त्याचे दोन फेरे म्हणजे दोन्ही चाकांचा एक) आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरतो ते मोजायचे. मी चाकाशी, मेव्हणा जीपखाली पाठीवर. तिसऱ्या फेऱ्याला त्याचा फोन वाजला आणि पुन्हा एकपासून सुरुवात झाली. शेवटी शाफ्ट चार पूर्ण आणि वर पावापेक्षा किंचित जास्त फिरला. म्हणजे 4.27.

“सव्वाचार,” आमचे सासरे पायरीवरून म्हणाले. ते निवृत्त शिक्षक. जीपमध्ये त्यांना काडीचा रस नाही, पण औटकीपर्यंत पाढे अजून तोंडपाठ. “नवा टायर तेहतीस, जुना एकोणतीस. त्रैराशिक मांड की रे!”

मेव्हण्याने मोबाईल काढला. सासऱ्यांनी डोळे मिटले. मोबाईल उघडेपर्यंत निकाल लागला होता: टायर वाढल्याने जीपचे सव्वाचार आता पावणेचारसारखे वागत होते, आणि पुन्हा सव्वाचारची गंमत हवी असेल तर पाचाला जरासा कमी असा रेशो बसवायला हवा होता. 4.27 गुणिले 33, भागिले 29. उत्तर 4.86. बाजारात मिळतो तो 4.88.

बाजारात नेमका 5 का मिळत नाही, असे मेव्हण्याने विचारले. प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. क्राऊनला 40 आणि पिनियनला 8 दाते दिले तर पिनियनचा प्रत्येक दाता जन्मभर त्याच पाच दात्यांशी झटत बसेल आणि एकाची खोड दुसऱ्याला लागेल. म्हणून 39 ला 8 देतात, ते झाले 4.88. 41 ला 11 म्हणजे 3.73. 43 ला 8 म्हणजे 5.38. सामाईक विभाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दात्याची प्रत्येकाशी गाठ पडते आणि झीज सारखी होते.

मग 5.38 चा मोह पडला. तो आकडा जीपवाल्यांत देवासारखा पुजला जातो, कारण 1945 साली विलीजने शेतकऱ्यांसाठी काढलेल्या सीजे-2ए जीपला तोच होता. नांगर ओढायचा तर आकडा मोठा हवा. पण आमच्या मेव्हण्याला नांगर ओढायचा नव्हता, नाशिकहून ठाण्याला जायचे होते. मूळ टायरांवर ताशी 80 ला टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण 2460 फेरे घ्यायचे. 33 इंचांवर 4.88 घातले की 2470. 5.38 घातले की 2720, आणि मग गाडीत गप्पा मारायच्या तर ओरडून. शिवाय आकडा वाढतो तसा पिनियन बारीक होतो. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या विलीज एमबीचा रेशोही 4.88 च होता, असे मी सांगितल्यावर मेव्हण्याचे मन एकदाचे वळले. गणिताने जे झाले नाही ते महायुद्धाने केले.

पण खरी मेख पुढे होती. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दुकानात येतात ते लग्न लागूनच. एक इथून, एक तिथून असे जमत नाही. आणि असा जोड एक नाही, दोन घ्यावे लागतात.

“मागचं आत्ता करू, पुढचं दिवाळीनंतर,” मेव्हणा म्हणाला.

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. “शेठ, मग फोर बाय फोर टाकू नका. टाकला तर मागचं एक म्हणेल, पुढचं दुसरं. मधे ट्रान्स्फर केस आहे ना, ती फुटेल.”

दोन्ही बसवले. शिम घालून काढून, काढून घालून, दात्यांना निळा रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहत मिस्त्रीने त्यात जीव ओतला. दात्यांमधला खेळ सहा ते दहा थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, त्याबाहेर गेला तर रस्ताभर घूंऽऽ ऐकायचे. पहिली काही शे किलोमीटर जपून चालवायची आणि मग तेल बदलायचे. या जीपच्या मीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते, त्यामुळे तोही फुकटात खरे बोलू लागला.

तेव्हा टायर घ्यायला निघालेल्यांना एवढेच सांगणे, की कागदावर ‘टायर, स्टेपनीसकट पाच’ असे लिहाल त्याच कागदावर त्याखाली दोन क्राऊन-पिनियन, बेअरिंग, ऑइल सील, दोनदा तेल आणि मिस्त्रीची मजुरीही लिहा. बेरीज पाहून छातीत धस्स झाले तर 29 इंची टायरही गोलच असतात.