वजनकाट्यावर आधी बाप

खान्देशात बारीक पोरगं हा आईवरचा आरोप असतो आणि गुबगुबीत पोरगं हे घराण्याचं प्रशस्तिपत्र. लग्नाच्या मांडवात कुणी गालगुच्चा घेऊन 'खात्यापित्या घरचा दिसतो' म्हटलं की बापाची छाती फुगते. पोराचं पोट आधीच फुगलेलं असतं. सोनं कस लावून घेणारी जळगावची माणसं पोराच्या बाबतीत मात्र नुसत्या वजनावर खूश होतात. ही हौस उपासमार पाहिलेल्या पिढ्यांकडून आली आहे, आणि तिचं कारण अजून संपलेलं नाही. 1998 साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात अंगणवाडीताई आजही वजनकाटा घेऊन नेमक्या उलट्या काळजीत असते. त्यामुळे 'तिकडे पोरं खंगताहेत आणि तुम्हाला जाड्यांची पडलीय' हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दोन्ही पोरं एकाच पानावर आणून बसवली आहेत. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि त्याच वयोगटात अतिवजनाची मुलं 2015-16 मधल्या 1.9 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर गेली. आकडा लहान आहे खरा. फक्त तो एका पाहणीतून दुसऱ्या पाहणीत जाईपर्यंत दुप्पट झाला.

ही दोन पोरं एकमेकांची तितकीशी परकीही नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. कमतरता होती ती स्नायूंत. चरबी मात्र आपल्या बाळाने हिकमतीने राखून ठेवलेली. थोडक्यात, आपलं हडकुळं दिसणारं लेकरूसुद्धा आतून लठ्ठपणाची तयारी करूनच येतं, आणि मग घरदार 'अंग धरू दे' म्हणत त्याच्यामागे वाटी घेऊन धावतं. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 च्या वाढीच्या तक्त्यांत धोक्याच्या रेषा पाश्चात्त्य मापांपेक्षा खाली आखल्या. 'लहानपणी भरतो, उंची वाढली की झडतो' हा यावरचा ठरलेला जबाब. काही मुलं झडतात, नाही असं नाही. पण जगभरचे दीर्घकाळाचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दिसलं, की किशोरवयात जी लठ्ठ असतात त्यांतली सुमारे 80 टक्के मुलं मोठेपणीही लठ्ठच राहतात. तोवर यकृतात चरबी साठते, रक्तदाब वाढतो, झोपेत घोरणं सुरू होतं आणि आजोबांना साठीत झालेला मधुमेह नातवाला विशीत गाठतो. अशा मुलांच्या मानेवर बऱ्याचदा जाडसर काळपट पट्टा उमटतो. शरीर इन्सुलिनला जुमानत नसल्याची ती खूण असू शकते. आपल्याकडे तिच्यावर उपाय म्हणून डाळीचं पीठ आणि लिंबू चोळतात. मान हुळहुळते, मळ निघत नाही, कारण तो मळ नसतोच.

आता आरोपी कोण? 'आनुवंशिक आहे हो, आमच्या घराण्यात सगळेच भरलेले' हे पहिलं उत्तर. अनुवंशाचा वाटा असतोच. पण 1990 साली देशात 5 ते 19 वयाची साधारण 4 लाख मुलं लठ्ठ होती, ती 2022 पर्यंत सव्वा कोटी झाली, असं लॅन्सेटमधला अंदाज सांगतो. बत्तीस वर्षांत आख्ख्या देशाचे पूर्वज बदलत नाहीत. दुसरं उत्तर, आपलं तेलातुपाचं खाणं. शेवभाजीच्या तर्रीचं वकीलपत्र घेणं अवघड आहे, हे मान्य. तरी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन या प्रदेशाची पोरं पिढ्यान् पिढ्या सडसडीत राहिली, कारण बट्टी रोज नव्हती आणि दोन जेवणांमध्ये पाकीट फुटत नव्हतं. रावेर-सावद्याची केळी थेट दिल्लीपर्यंत जातात. सावद्याच्या पोराच्या डब्यात मात्र क्रीमचं बिस्किट जातं, कारण केळं काय, घरचंच! सरकारने आपलं काम कागदावर चोख केलं आहे. राज्याने 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्ससारखे पदार्थ हद्दपार केले, केंद्राच्या 2020 च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून 50 मीटरपर्यंत असल्या पदार्थांची विक्री रोखली. पोरगं एक्कावन्नाव्या मीटरवर बापाच्या स्कूटरवरून उतरतं, आणि गाडीवाल्याला पैसे बाप देतो. तिसरं उत्तर उन्हाचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, खेळायचं कधी? कबूल. पण ऊन उतरल्यावर संध्याकाळी सहा वाजता पोरगं क्लासला असतं, आणि क्लास नसेल त्या दिवशी मैदानावर सभेचा मांडव असतो. तेव्हा रोज तासभर पळावं-खेळावं ही जागतिक आरोग्य संघटनेची सूचना मोबाइलवरच्या क्रिकेटात पुरी केली जाते.

उत्तरं इतकी असूनही उपचार मात्र एकट्या पोरावर होतो. त्याचा भात बंद, त्याला जिम, त्याला पाहुण्यांसमोर 'जाड्या' हे बिरुद, आणि हे सगळं चालू असताना बाप सोफ्यावर भजी खात टीव्ही बघतो. या पद्धतीची परीक्षा अमेरिकेत होऊन गेली आहे. तिथले संशोधक लेनर्ड एपस्टाइन यांनी लठ्ठ मुलांचे गट केले. एकात मूल आणि पालक दोघांनाही वजन उतरवायला लावलं, दुसऱ्यात फक्त मुलाला. 1990 मध्ये दहा वर्षांचा हिशेब आला तेव्हा पहिल्या गटातल्या मुलांचं जादा वजनाचं प्रमाण उतरलेलं राहिलं, एकट्या सोडलेल्या मुलांचं मूळपेक्षा थोडं चढलेलं होतं. इस्राएलच्या मोरिया गोलान तर आणखी पुढे गेल्या. त्यांनी एका गटात मुलांना बोलावलंच नाही, नुसत्या आईबापांना शिकवलं. ज्या गटात फक्त मुलांना बोलावलं होतं, त्यापेक्षा हीच मुलं जास्त उतरली. आपल्याकडे हा प्रयोग सुरू करायचा तर पहिल्याच दिवशी अर्धे बाप 'दुकान सोडून येता येत नाही' असं कळवतील.

कामाची यादी तशी लाजिरवाणी सोपी आहे. फ्रिजमधली दोन लिटरची थंड पेयाची बाटली पोराने आपल्या पगारातून आणलेली नसते. ती आणायचीच नाही. जेवताना मोबाइल कुणाच्याच हातात नको. झोप वेळेवर. पोट भरलं म्हणणाऱ्या पोराला 'एवढा घास माझ्यासाठी' ही शपथ नको, आणि उपाशीही ठेवायचं नाही, कारण वाढत्या वयाला डाएटचा नाही, बदललेल्या स्वयंपाकघराचा उपयोग होतो. 'हे आजीला कोण सांगणार?' या प्रश्नावर मात्र भल्याभल्या डॉक्टरांची बोलती बंद होते. सांगू नये. वरणबट्टीवर तूप किती, हे ठरवायचा तिचा अधिकार काढून घेतला तर घरात दुसराच आजार सुरू होईल. तिला फक्त रोज संध्याकाळी नातवाला चालत जळगावच्या मेहरूण तलावापर्यंत न्यायचं काम द्यावं, आणि तुपाचा चमचा नातवासाठी लहान करायचा असेल तर तोच चमचा तिच्या लेकाच्या ताटातही फिरेल एवढी एकच अट घालावी. नातू कुरकुर करणार नाही. लेक करेल.