स्वस्तातला जाणकार

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींत एखादा तरी गिटारराव असतोच. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी सॉफ्टवेअरची, मूळ गाव डोंबिवली नाहीतर सांगली. शनिवारी सकाळी बायको त्याला कोथिंबीर आणायला पाठवते आणि तो कुणाच्या तरी गराज सेलमध्ये फतकल मारून बसलेला सापडतो. मांडीवर जुनी इलेक्ट्रिक गिटार, हातात स्क्रूड्रायव्हर. वाजवता येते का, असं त्याला विचारू नये. क्रिकेटच्या समीक्षकाला आपण त्याची धावसंख्या विचारतो का?

फेंडर, गिब्सनकडे गिटारराव ढुंकूनही बघत नाही. "पैसे मोजले की चांगली वस्तू मिळणारच, त्यात कसलं आलंय कौतुक!" त्याचं दैवत म्हणजे नेथन डॅनियल. या गृहस्थांनी 1947 साली डॅनइलेक्ट्रो कंपनी काढली. ती न्यू जर्सीतल्याच रेड बँकला होती, पुढे नेपच्यूनला गेली. सीअर्स या दुकानांच्या साखळीसाठी 'सिल्व्हरटोन' नावाच्या कितीतरी गिटारी तिथेच बनायच्या. "आपल्या जर्सीत!" हे सांगताना त्याची छाती फुगते. 1969 साली कारखाना बंद पडला, त्याचं सुतक याच्या घरात अजून फिटलेलं नाही.

डॅनियलसाहेबांची काटकसर हा त्याचा आवडता अध्याय. भरीव लाकूड महाग पडतं? लाकडी चौकटीला पुढून-मागून हार्डबोर्ड लावा. कडा उघड्या दिसतात? व्हिनाइलची पट्टी चिकटवा. तारांचा सूर पकडणाऱ्या पिकअपला आवरण हवं? लिपस्टिकच्या नळ्या आणा, आत चुंबक आणि तार बसवा. कळस म्हणजे 1962 सालची सिल्व्हरटोन. गिटारीच्या पेटीतच अँप्लिफायर आणि स्पीकर! पोराने पेटी उघडायची, वायर जोडायची आणि शेजाऱ्यांची दुपारची झोप उडवायची. "याला म्हणतात टुकीचा संसार," गिटारराव म्हणतो आणि बायकोकडे पाहतो. बायको तळघराकडे पाहते. तिथे टुकीचे अकरा संसार भिंतीला टेकून उभे असतात.

गिटार ओळखायची त्याची पद्धत ठरलेली. आधी उचलून बघायची. हार्डबोर्डची असली की हलकी लागते. मग कडेच्या पट्टीवरून नख फिरवायचं. मग मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात तो अ‍ॅल्युमिनियमचा नट बघायचा. साठीच्या दशकातली जपानी तेइस्को निघाली तर आधी स्विच मोजायचे. चार पिकअप असले की त्याला भरून येतं. शेवटी झाकणाचे स्क्रू काढून आतल्या पॉटवरचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावरचा, आकडा वाचायचा. "1376314. यातले 137 म्हणजे सीटीएस कंपनी. 63 हे साल, 14 हा आठवडा. म्हणजे गिटार त्याच्या आधीची असूच शकत नाही. नंतरची असेल, कारण पॉट कारखान्यात पडून राहायचे. आणि हे सगळं कधी? मधे कुणी पॉट बदलला नसेल तर!" एवढं ऐकेपर्यंत पाहुण्यांचा चहा निवलेला असतो.

डॅनइलेक्ट्रोच्या गिटारींत दोष असतात, हे त्याला मान्य नाही. ब्रिजवर सहा तारांना मिळून एकच लाकडी पट्टी, त्यामुळे वरच्या पडद्यांवर सूर हलतो, असं कुणी म्हटलं की उत्तर तयार असतं. "लेड झेपलिनचा जिमी पेज स्टेजवर 'काश्मीर' डॅनइलेक्ट्रोवरच वाजवायचा. त्याचं काही अडलं का?"

गिटाररावाला दोन नाद. एक काटकसरीचा, दुसरा समजावून सांगण्याचा. दोघांची गाठ पडली की जिंकतो दुसराच. एका गराज सेलमध्ये सिल्व्हरटोनवर पंचवीस डॉलरची चिठ्ठी होती. शहाण्या माणसाने पैसे टेबलावर ठेवून मुकाट्याने गाडी गाठली असती. यानं विकणाऱ्या आजीबाईंना विचारलं, "हे काय आहे, कल्पना आहे का तुम्हाला?" आणि रेड बँकपासून सुरुवात केली. हार्डबोर्ड झालं, लिपस्टिक झाली, पॉट उघडून झाला, जिमी पेज झाला. आजीबाईंनी सगळं मन लावून ऐकलं. मग चिठ्ठी काढली, त्याच्याच खिशातलं पेन मागून घेतलं आणि नव्या चिठ्ठीवर चारशे लिहिले.

आता घासाघीस करणं भाग होतं. त्यानं चेहरा पाडून वरच्या पडद्यावर एक सूर छेडला. "बघा, किती हलतोय."

आजीबाई म्हणाल्या, "पण त्या जिमीचं काही अडलं नाही ना?"