विंचवाचं पक्कं घर

आमचे जावईबापू मेलबर्नला असतात, आणि कुठलीही गोष्ट सरळ करणं त्यांच्या पत्रिकेत लिहिलेलं नाही. मागच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा घरी पाव भाजण्याचं वेड होतं. आंबवलेल्या पिठाच्या बरणीला चक्क नाव होतं आणि कुठे बाहेर निघताना तिचं खाणं झालं का, याची चौकशी होई. यंदा बरणी दिसली नाही. हॉलच्या कोपऱ्यात काचेची एक उभी पेटी मात्र होती, रिकामी.

"मासे?" मी विचारलं.

"नाही बाबा. विंचू."

आम्ही महाडकडचे. आमच्याकडे विंचू आणि चप्पल यांचं एकच नातं. तांबडा विंचू दिसायला इवलासा, पण त्याचं विष हृदयावर जातं. पूर्वी धडधाकट माणसं रात्रीत दगावायची. रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी त्यावर लागू पडते, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली ती उगीच नाही. सांगायचा मुद्दा असा, की 'विंचू' हा शब्द ऐकल्यावर हिने खाली ठेवलेली बॅग पुन्हा उचलली.

"आई, हा त्यातला नव्हे," जावईबापू म्हणाले. "ज्याचे डेंगे बारीक आणि शेपूट जाड, त्याला भ्यायचं. याचे डेंगे बघा, खेकड्यासारखे. चावला तर ठणकतं, सुजतं, पण जीवावर बेतत नाही."

"तुम्हाला चावलाय?"

"अजून आणलाच नाहीये. आधी घर नको?"

अशी माणसं तुमच्याही नात्यात असतील. यांना छंद नसतो, छंदाची पूर्वतयारी असते. सतार शिकायची म्हटलं की पहिले सहा महिने सतार ठेवायच्या खोलीतल्या दमटपणाचा अभ्यास. जावईबापूंनी विंचवासाठी एक्सेलची शीट केली होती आणि तिला चार पानं होती. 'माती' हे एक अख्खं पान.

विंचवाची जात 'युरोडाकस याशेंकोई'. हे नाव ते कुलदैवताचं घ्यावं तसं, किंचित मान झुकवून घेतात. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटातला हा प्राणी. वर वाळू भाजत असते, म्हणून तो गोल जिन्यासारखं वळत वळत खाली जाणारं बीळ खणतो, पार मीटरभरापर्यंतसुद्धा. तळाशी गारवा आणि ओल. दिवसभर तिथे बसायचं, रात्री तोंडाशी येऊन भक्ष्याची वाट पाहायची.

"म्हणजे याला खोली लागते," जावईबापू म्हणाले.

"एकाच खोलीत भागेल?" हिने विचारलं.

"आई, रूम नव्हे. डेप्थ."

म्हणून पेटी पसरट नको, उंच हवी. वाळू निदान फूटभर खोल. नुसती वाळू चालत नाही, बीळ ढासळतं. थोडी चिकणमाती मिसळायची, ओली करायची आणि ठासून भरायची. इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही पाटबंधाऱ्यात होतात ना?"

चौतीस वर्षं होतो. धरणाच्या भरावावर थर टाकून, पाणी मारून, धुम्मस करून घेण्यात माझी हयात गेली. निवृत्तीनंतर त्याबद्दल मला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. मी बाह्या सरसावल्या. लाल वाळूत माती किती घालायची, यावर आमचे दोन दिवस मतभेद झाले. ते वजनकाट्यावर टक्केवारी काढत होते. शेवटी हीच स्वयंपाकघरातून आली, मूठभर मिश्रण दाबून पाहिलं आणि म्हणाली, "लाडू वळला पाहिजे आणि हाताला चिकटता कामा नये. अजून थोडं पाणी." विंचवाला शिव्या घालत तिने तीन घाणे मळून दिले. आम्ही दोन-दोन बोटांचे थर टाकत गेलो आणि वरवंट्याने ठोकत गेलो. वरवंटा लेकीच्या लग्नातला; सात वर्षांत पहिल्यांदाच वापरात आला. पेटीचं वजन पन्नास किलोच्या घरात गेलं, तेव्हा टेबलाने कुरकुर केली आणि आम्ही तिला जमिनीवर उतरवलं.

मग हीटर. महिना जुलै, म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. मी म्हटलं, पेटीखाली ठेवा. जावईबापूंनी कानांवर हात ठेवले. खालून ऊब दिली तर घात! उकाडा झाला की विंचू खाली पळतो, आणि खालीच चूल पेटलेली असली तर बिचाऱ्याने जायचं कुठे? ऊब बाजूने द्यायची, तीही एकाच बाजूने. त्याला थर्मोस्टॅट. आम्हाला दोन गोधड्या.

तळाची ओल टिकावी म्हणून कोपऱ्यात एक नळी उभी पुरली. तिच्यातून पाणी थेट खाली जातं, वरचा थर कोरडा राहतो. (हे मला आवडलं. आमच्या खात्यात हे इतकं सरळ झालं नसतं.) मग पेन्सिलीने तिरपं छिद्र पाडून बिळाची सुरुवात करून दिली, वर चपटा दगड ठेवला. म्हणजे भूमिपूजनही झालं.

विंचू आला तो डब्यातून. ठेवला. त्याने आमच्या छिद्राकडे पाहिलंही नाही. दोन रात्री तो काचेला धरून फिरला आणि तिसऱ्या रात्री, जिथे माझ्या मते भराव सर्वांत कच्चा होता तिथे, अर्धचंद्रासारखं तोंड पाडून आत गेला. जावईबापू अंधारात जांभळा टॉर्च घेऊन बसतात. त्या उजेडात विंचू हिरवानिळा चमकतो. चमकायला तो वर यावा लागतो. आठवड्याला एक रातकिडा आत सोडतात. उरला तर सकाळी बाहेर काढायचा, कारण विंचू कात टाकत असेल तर रातकिडाच त्याला कुरतडतो. तीन आठवड्यांत मी विंचवाचे डेंगे एकदा पाहिले. रातकिडे सगळे पाहिलेत.

घरभाड्याची तपासणी करायला एजंटबाई आल्या. परवानगीचा अर्ज जावईबापूंनी रीतसर भरला होता, दोन पुरवण्या जोडून. बाई पेटीसमोर वाकून बराच वेळ पाहत राहिल्या, वाळूचा एक फोटो काढला आणि गेल्या.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. म्हण खरी आहे, पण ती बाळंतिणीपुरती: पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर बसतात, मग पांगतात. एरवी हा बिळातला प्राणी मोठा घरकोंबडा. बिऱ्हाड पाठीवर आहे ते आमच्या लेकीच्या. सात वर्षांत चार भाड्याची घरं झाली. दर वेळी भाडं वाढलं की जावईबापू तत्त्वाने भांडायचे आणि तत्त्वाने खोकी बांधायचे.

आम्ही परत निघायच्या आदल्या दिवशी मालकाचं पत्र आलं: आठवड्याला वीस डॉलर जास्त. पेटी हलवली की बीळ ढासळतं. जावईबापूंनी हूं की चूं न करता दोन वर्षांच्या करारावर सही केली.