दोन दिवसांची वाई

वाईत इतिहास शनिवारी सकाळी पुण्याहून येतो आणि रविवारी संध्याकाळी टोलनाक्याच्या रांगेत उभा राहतो. मधल्या वेळात त्याचं नाव ‘हेरिटेज वीकेंड’.

पहिला मुक्काम अर्थातच ढोल्या गणपती. रास्त्यांनी 1762 साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. रास्त्यांच्या गवंड्याला कृष्णेचा स्वभाव ठाऊक होता. पाहुणे मात्र देवळाच्या पुढच्या बाजूला सेल्फी काढतात. मागे जायला चप्पल भिजते.

मग मेणवली. घाटावरच्या घंटेवर 1707 हे साल आणि मेरी-येशूची आकृती. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चमधून आलेली ही घंटा नाना फडणविसांच्या घाटावर शंकराच्या पायाशी टांगलेली आहे. यावर तासभर बोलता येईल. पण गर्दीतून पहिला प्रश्न येतो: “‘स्वदेस’मधला शाहरुख नेमका कुठे उभा होता?” त्याचं उत्तर घाटावरच्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ.

मराठी विश्वकोशाचं कार्यालयही वाईतच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथे बसून मराठीला ज्ञानाचे खंडच्या खंड दिले. तिथे नेत नाहीत. फोटोला काही नाही म्हणे!

घाटाघाटांवर पाळीपाळीने होणारा कृष्णाबाईचा उत्सव तर कार्यक्रमपत्रिकेत बसतच नाही. त्याला ना तिकीट, ना प्रायोजक, आणि जेवायला पंगतीत मांडी घालावी लागते.