कोपरा मोकळा करा

पुण्यात पार्किंगचा विषय निघाला की बोलणं गाडीवाल्याच्या गैरसोयीवर सुरू होतं आणि तिथंच संपतं. जागा मिळत नाही, पैसे का भरायचे, टोइंगवाल्यांनी गाडी उचलून नेली. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला त्या बोलण्यात जागाच नसते. म्हणून आजचं सदर त्याच्या बाजूनं.

गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथं, अगदी वळणावर, एक मोठी गाडी उभी असते. पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण साडेतीन फूट. हल्लीच्या उंच गाड्यांचं बॉनेटही जवळपास तेवढंच. मूल त्या गाडीच्या आडून पुढं येईपर्यंत चालकाला दिसतच नाही, आणि मुलालाही येणारं वाहन दिसत नाही. ताशी ३० किलोमीटरनं येणारं वाहन एका सेकंदात आठ मीटर पुढं जातं. धोका लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडायला तेवढा सेकंद लागतोच, पुढं गाडी थांबायला आणखी चार-पाच मीटर. वेग ५० असेल तर कोरड्या रस्त्यावरही पंचवीस मीटरच्या वर अंतर लागतं. मूल तर दोन-तीन मीटरवर समोर आलेलं असतं. अशा वेळी चालक कितीही सावध असला तरी उपयोग नाही. मुलाचा जीव धोक्यात घातला तो कोपऱ्यावर गाडी लावून निघून गेलेल्या माणसानं. अपघातानंतर त्याचं नाव कुणी घेत नाही. ते घेतलं पाहिजे.

‘इथं नो पार्किंगचा बोर्ड कुठाय?’ हा ठरलेला प्रश्न. उत्तरही ठरलेलं असायला हवं: बोर्डाची गरज नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १२२ सांगतं की इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा ठिकाणी वाहन सोडायचं नाही. वाहन चालवण्याचे नियम २०१७ साली नव्यानं आले. त्यांनुसार पदपथ, सायकल मार्ग, झेब्रा क्रॉसिंग, चौकाचा परिसर, बसथांबा, शाळा-रुग्णालयाचं दार या सगळ्या जागा वर्ज्य आहेत. उभ्या गाडीला खेटून दुसरी लावणंही वर्ज्य. लायसन्स खिशात बाळगणाऱ्या प्रत्येकानं हे वाचलेलं असणं ही किमान अपेक्षा आहे. महाराष्ट्रात यासाठी पहिल्या वेळी ५०० रुपये दंड आहे, पुन्हा सापडलात तर १५००. ज्यांना तो जाचक वाटतो त्यांनी पुढचा आकडा वाचावा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज सरासरी ९०.

या माणसांना रस्त्यावर उतरवतं कोण? पदपथ अडवणारा. पदपथावर दुचाकी लावली की हातात पिशव्या घेतलेली आजी खाली उतरते, बसच्या आणि रिक्षाच्या मधून चालते. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तर तेही शक्य नाही, तो घरातच राहतो. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं की चालण्याजोगा, अडथळा नसलेला पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पदपथावर स्टँड लावणाऱ्यानं हे मनावर घ्यावं. तो दुसऱ्याच्या घटनात्मक हक्कावर गाडी उभी करतो.

घरासमोरचा सार्वजनिक रस्ता आपलाच, ही समजूत शहरभर पसरली आहे. कुंड्या ठेवायच्या, दगड मांडायचे, जुना टायर टाकायचा, साखळी लावायची. फाटकावर पाटी: ‘गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडली जाईल’. फाटक मोकळं हवं ही मागणी रास्त आहे, कायदाही तेच म्हणतो. पण हवा सोडायचा अधिकार कायद्यानं कुणालाच दिलेला नाही. आणि स्वतःच्या फाटकासाठी इतकी दक्ष असलेली सोसायटी पन्नास पावलांवरच्या कोपऱ्याकडे डोळेझाक करते, हे मला मान्य नाही. त्या कोपऱ्यावरच्या गाड्या बहुतेकदा तिच्याच सभासदांच्या किंवा त्यांच्या पाहुण्यांच्या असतात.

जागा खरंच नाही का? आधी इमारतीच्या पोटात डोकावून बघा. किती स्टिल्टमध्ये जुनं फर्निचर, टाइल्सचे ढीग आणि बंद पडलेल्या स्कूटर पडून आहेत, किती व्यापारी इमारतींच्या पार्किंगमध्ये गोदाम थाटलं आहे. बिल्डरला स्टिल्ट किंवा मोकळ्या जागेतलं पार्किंग वेगळं विकता येत नाही, ती सोसायटीची सामाईक जागा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच दिला. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करावं, अशी सोय गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आहे. हे न करता दुसरी, तिसरी गाडी रस्त्यावर ढकलायची आणि महापालिकेला दोष द्यायचा, हे थांबायला हवं.

महापालिकेचा दोष नाही असं मुळीच नाही. मार्च २०१८ मध्ये पुण्याच्या सर्वसाधारण सभेत पार्किंग धोरण मंजूर झालं. विरोध झाला तेव्हा ते मोजक्या पाच रस्त्यांवर करून बघायचं ठरलं, आणि तेही रखडलं. एका मोटारीला साडेबारा चौरस मीटर जागा लागते, एवढ्यात घराची एक बऱ्यापैकी खोली होते. शहराच्या मध्यभागी ती दिवसभर फुकट द्यायची आणि त्याचा भार गाडी नसलेल्यानंही उचलायचा, हा अन्याय आहे. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, असा विचार राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी २०२५ मध्ये मांडला, तेव्हाही ओरड झाली. जपाननं हा कायदा १९६२ मध्ये केला. तिथं घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचा दाखला लागतो, त्याशिवाय नेहमीची मोटार नावावर होत नाही. आपल्याकडेही हे व्हायला हवं, आणि दाखल्याची तपासणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन व्हायला हवी.

पण धोरणाची वाट बघत कोपरा अडवून ठेवायचं कारण नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं होबोकेन हे साठेक हजार वस्तीचं दाटीचं शहर. तिथं चौकांच्या तोंडाशी गाड्या उभ्या करणं बंद केलं, खांब रोवून, पदपथ वाढवून त्या जागा अडवल्या, जेणेकरून ओलांडणारा दुरून दिसावा. वेगमर्यादाही कमी केली. २०१७ पासून सलग अनेक वर्षं तिथं रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. यात न जमण्यासारखं काय आहे? रंग, खांब आणि नाही म्हणण्याची हिंमत, एवढंच लागतं. पुण्याला रस्ता चालणाऱ्यांना देता येतो हे दर ११ डिसेंबरला, पादचारी दिनी, लक्ष्मी रस्त्यावर दिसतंच. एका दिवसासाठी जे जमतं ते शाळेच्या दारासमोर रोज भरताना आणि सुटताना अर्धा तास जमलंच पाहिजे.

तेव्हा या रविवारी सोसायटीची बैठक घ्या. स्टिल्ट रिकामं करा, चिठ्ठ्या टाका. जवळच्या चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, क्षेत्रीय कार्यालयात आणि वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या, खांब बसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. अग्निशमन दलाची शिडीची गाडी गल्लीत वळेल का, हेही बघा. शिडी उभारण्याआधी त्या गाडीला दोन्ही बाजूंना आधाराचे पाय पसरावे लागतात, नुसतं आत शिरून भागत नाही. आणि कोपऱ्यावर गाडी लावून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणणाऱ्याला, तो मित्र असो की मेहुणा, तिथंच थांबवा. दोन मिनिटं त्याच्या सोयीची असतात. त्यांची किंमत दुसऱ्याच्या मुलानं का मोजायची?