कन्व्हर्टर-सल्लागार महोदयांस खुले पत्र

रा. रा. सल्लागार महोदय यांसी,

कृ. सा. न. वि. वि.

आपण वेळात वेळ काढून आमच्या भाच्याच्या डोंबिवलीतल्या घरी आलात, हेडफोन कानाला लावलात, अभंगाचं एक कडवंही पुरतं न ऐकता डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बाकी सगळं ठीक आहे रे, पण कन्व्हर्टर मार खातोय." इतक्या झटपट रोग ओळखणं आमच्या फॅमिली डॉक्टरांनाही जमलेलं नाही. ते निदान नाडी तरी बघतात.

पोराचं बजेट ३० हजार. आपण त्याला मुळीच कमी लेखलं नाहीत, हा आपला मोठेपणा. "थोडं ताणलंस तर लाखात एक झकास सेकंडहँड पीस आहे, माझ्या ओळखीतला," म्हणालात. ओळखीतला म्हणजे स्वतःचाच, हे मात्र विनयापोटी बोलला नाहीत. पाच हजार टोकन घेतलंत आणि आवाजाचे आकडे करणारी ती कन्व्हर्टरची पेटी लगेच ठेवून गेलात. कोण करतं हो हल्ली एवढं?

किमतीमागचं कारणही आपण किती तळमळीनं समजावलंत! २०२० च्या ऑक्टोबरात जपानमध्ये नोबेओका इथे एकेएमच्या चिप कारखान्याला आग लागली आणि कन्व्हर्टरच्या चिपांचा जगभर तुटवडा झाला. शंभर टक्के खरं. आपली पेटी मात्र त्याच्या चांगली दहा वर्षं आधी बनलेली. आगीची झळ मागच्या तारखेनं लागलेली आम्ही प्रथमच पाहिली.

पेटीला फायरवायरचं पोर्ट, पोराच्या मॅकबुकला ते नाही. यावर आपण सुचवलेला तोडगा अलौकिक होता: एक अडॅप्टर थंडरबोल्ट ३ वरून २ वर, दुसरा तिथून फायरवायरवर. ड्रायव्हर शेवटचा कधी निघाला, असं त्यानं भीत भीत विचारलं, तर आपण म्हणालात, "एकदम स्टेबल आहे." असेलच. मेलेल्या माणसाचीही प्रकृती स्थिरच असते.

ते जमेना तेव्हा आपण डगमगला नाहीत. "ऑप्टिकलनं जोड, आठ चॅनल मिळतील, आणि सगळं १९२ वर रेकॉर्ड कर, हवा वेगळी लागते." महोदय, एडॅटच्या एका ऑप्टिकल तारेतून ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनल जातात, ९६ ला चार आणि १९२ ला दोन. दोन चॅनल पोराच्या साध्या इंटरफेसवर आधीपासूनच होते. जे आहे तेच लाख रुपयांत परत मिळवून देणारा हितचिंतक नशिबानंच लाभतो.

त्या १९२ बद्दलही दोन शब्द. माझी हयात आकाशवाणीच्या तांत्रिक विभागात गेली, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज पकडता येतो, हा नायक्विस्टचा नियमही आपण मला समजावून दिलात. आभारी आहे. ४४.१ ला २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज नीट पकडला जातो. माणसाचा कान त्यापुढे जात नाही, आणि आपल्या-माझ्या वयाचा तर बराच अलीकडे थांबतो. उरलेली हवा खाडीवरच्या वटवाघळांना लखलाभ.

२००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये मेयर आणि मोरान या दोघांचा प्रयोग छापून आला होता. भारी, हाय-रिझोल्यूशन डिस्कच्या आवाजात मध्येच १६ बिट, ४४.१ चा टप्पा घालायचा आणि ऐकणाऱ्यानं तो ओळखायचा. ५५४ वेळा विचारलं, जवळजवळ निम्मी उत्तरं बरोबर आली. छापा-काटा करूनही तेवढीच येतात. त्यांनी आपल्याला बोलावलं नाही, हे शास्त्राचं दुर्दैव.

ती उणीव आम्ही घरच्या घरी भरून काढली. आपण पुन्हा आलात तेव्हा चहा होईपर्यंत एकाच प्रीअँपची तार दोन्ही पेट्यांकडे फोडून भाच्याकडून तोच अभंग गाऊन घेतला. दोन्हींची पातळी मोजून सारखी केली, कारण किंचित मोठा आवाज सगळ्यांनाच चांगला वाटतो. मग नावं न सांगता आपल्याला ऐकवलं. दुसऱ्या वेळी आपली मान डोलली. "हा! याला म्हणतात डेप्थ. आई शप्पथ, समोर बसून गातोय!" तो पोराचा जुना इंटरफेस होता. हे कळलं तेव्हा आपलं ग्लुकोजचं बिस्किट चहात होतं. ते बुडालं. आपण बशीत पाहत म्हणालात, "मास्टर क्लॉक लावल्याशिवाय फरक कळायचा नाही."

क्लॉकच्या सूचनेबद्दल तर आपली पाद्यपूजाच करायला हवी. बाहेरचं घड्याळ अनेक यंत्रं एका तालात ठेवायला लागतं. एकटा चांगला कन्व्हर्टर स्वतःच्या घड्याळावरच सहसा नेमका चालतो. साउंड ऑन साउंड मासिकानं २०१० मध्ये हे मोजून छापलं आहे. पण मोजमाप ही क्षुद्र कानाच्या लोकांची सोय, आपल्याला त्याची काय गरज?

आता खोलीचं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, उंचीही साधारण तेवढीच. अशा चौकोनी डब्यात ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो आणि त्याच्या दुपटीला, ११३ च्या जवळ, पुन्हा घुमतो. हे दुसरं घुमणं नेमकं पुरुषाच्या बोलत्या आवाजात येतं, आणि तिन्ही मापं सारखी असल्यानं तिन्हीकडून एकदमच येतं. त्याला आपण "कन्व्हर्टरचा मडी लो-एंड" असं गोंडस नाव दिलंत. भिंतींच्या वतीनं आभार. त्या निर्दोष सुटल्या.

खाली रिक्षा स्टँड, शेजारी कुकर, वर पंखा. रात्री सगळं निजल्यावरही ती खोली ३० डेसिबलच्या खाली जात नाही. माइकजवळ गाताना पोरगा ९० पर्यंत जातो. म्हणजे नोंदायचं अंतर ६० चं, आणि पोराच्या स्वस्त इंटरफेसची ऐपत ११० ची. आपण १२० ची पेटी आणलीत. पावशेर दुधाला घागर अपुरी पडते म्हणून रांजण घ्यायला लावणारा गवळी आमच्या तरी पाहण्यात नव्हता.

आणि रेकॉर्डिंगमधली ती बारीक घूं? जिला आपण "सस्त्या चिपचा नॉइज फ्लोअर" म्हणालात? ती ५० हर्ट्झची निघाली. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियननं सॉकेटचं सुटलेलं अर्थिंग जोडलं, दीडशे रुपये घेतले आणि गेला. डोळेसुद्धा मिटले नाहीत त्यानं.

पोरानं ३० हजारांतून खोलीचं घुमणं मारायला चार-चार इंची रॉकवूलच्या लाद्या आणल्या, सुताराकडून चौकटी ठोकून घेतल्या, कापड ताणलं आणि कोपऱ्यांत उभ्या केल्या. उरलेल्या पैशांत बरा माइक येतोय. उद्या पखवाज, टाळ आणि चार टाळकरी एकदम घ्यायचे झाले, तर आठ प्रीअँपची साधी ऑप्टिकल पेटी तो घेईलच, कारण तेव्हा जास्त चॅनल खरोखरच लागतील. आपल्याला कळवणार नाही, याबद्दल क्षमस्व.

हे पत्र खुलं ठेवायचं कारण एवढंच, की कल्याण-अंबरनाथपर्यंतच्या पोरांच्या बेडरूम स्टुडिओंत आपली ये-जा आहे असं ऐकतो. त्यांना विनंती, की महोदय आले तर चहा जरूर द्यावा, पण कुठली पेटी वाजतेय ते सांगू नये.

आपली पेटी तारांसकट बांधून दाराशी ठेवली आहे. येताना टोकनचे पाच हजार आणावेत आणि ती घेऊन जावी. रविवार सोडून कधीही. रविवारी रेकॉर्डिंग असतं.

कळावे. लोभ असावा, पण लांबून.

आपला नम्र,
मुलाचा मामा